फ्रीमाँटचा कॉन्डो, एडिसनचं घर : दुसऱ्या राज्यातला भांडवली नफा नॉनरेसिडेंट रिटर्नमध्ये कसा दाखवायचा

मार्च महिना आला की माझा फोन जरा जास्तच वाजतो. मी सीपीए (अमेरिकेतला सीए) नाही, पण दोन राज्यांची रिटर्न्स स्वतः भरून हात पोळलेला माणूस आहे, आणि एवढी पात्रता मित्रमंडळींना पुरते. यंदाचा पहिला फोन न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मित्राचा. "अरे, फ्रीमाँटचा कॉन्डो, म्हणजे मालकीचा फ्लॅट, विकला कॅलिफोर्नियात, ठीक आहे. पण ते माझ्या शेअरचा नफा कशाला विचारताहेत? पगारही विचारताहेत! मी तिथून निघालो त्याला आठ वर्षं झाली."

नॉनरेसिडेंट रिटर्न (आपण राहत नाही त्या राज्याचं विवरणपत्र) भरणारा जवळजवळ प्रत्येक जण इथेच अडखळतो. एकदा डोक्यात पक्कं करून घ्या: दाखवणं वेगळं आणि त्यावर कर लागणं वेगळं. कॅलिफोर्निया तुमचं सगळ्या जगातलं उत्पन्न बघायला मागतं, पण कर लावतं फक्त कॅलिफोर्नियातल्या उत्पन्नावर. बघितलेल्या बाकीच्या उत्पन्नाने मात्र कराचा दर वर सरकतो. किती सरकतो, ते पुढे मित्राच्याच आकड्यांत बघू. आकडे गोल केलेत, रिटर्न २०२४ सालचं, नवरा-बायको मिळून भरलेलं.

आधी ठरवा, नफा कुठल्या राज्याचा

घर, जमीन, दुकानाचा गाळा असं काही विकलं तर नफा ती जागा जिथे आहे त्या राज्याचा. तुम्ही कुठे राहता याच्याशी त्याचा संबंध नाही. शेअर, म्युच्युअल फंड, बाँड, क्रिप्टो विकले तर नफा विकल्याच्या दिवशी तुम्ही जिथले रहिवासी होता त्या राज्याचा. ब्रोकरचं ऑफिस कुठे आहे, कंपनी कुठली आहे, याला काही अर्थ नाही. एडिसनला बसून सिलिकॉन व्हॅलीतल्या कंपनीचे शेअर विकले तरी तो नफा न्यू जर्सीचाच.

अपवाद आहेत. न्यूयॉर्कमधला को-ऑप फ्लॅट कागदावर शेअरच असतो, पण न्यूयॉर्क राज्य त्याला स्थावर मालमत्ताच मानतं. पार्टनरशिप किंवा एलएलसीतून के-१ (तुमच्या हिश्श्याच्या नफा-तोट्याचा फॉर्म) येत असेल तर मुख्य फॉर्मवर न थांबता त्याच्यासोबत आलेला राज्याचा के-१ बघा. अपार्टमेंट इमारती घेणाऱ्या गटांत आपल्या लोकांनी बरेच पैसे घातलेत, आणि टेक्सासची म्हणून घेतलेली गुंतवणूक कधीकधी जॉर्जियातही निघते.

आयटीवाल्यांची खरी गोची आरएसयूमध्ये, म्हणजे कंपनीने नोकरीपोटी देऊ केलेल्या शेअरमध्ये होते. समजा सॅन होजेला असताना आरएसयू मिळाले, मग टेक्सासमधल्या ऑस्टिनला गेलात आणि तिथे ते व्हेस्ट झाले, म्हणजे खरोखर तुमच्या मालकीचे झाले. व्हेस्टच्या दिवशीची किंमत हा पगार आहे, भांडवली नफा नव्हे. ग्रँटपासून (देऊ केल्याच्या दिवसापासून) व्हेस्टपर्यंतचे कामाचे दिवस मोजायचे, त्यातले कॅलिफोर्नियातले किती ते काढायचे, तेवढ्या प्रमाणात तो पगार कॅलिफोर्नियाचा. व्हेस्टनंतर भाव चढला आणि तुम्ही ऑस्टिनला असताना विकलंत, तर ती चढ भांडवली नफा आहे आणि कॅलिफोर्नियाचा तिच्यावर हक्क नाही. लोक दोन्ही एकाच पोत्यात भरतात. कुणी सगळंच कॅलिफोर्नियाला देतो, कुणी काहीच देत नाही. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला नंतर पत्र येतं.

वर्षाच्या मध्येच राज्य बदललं असेल तर शेअर विकल्याची तारीख घर बदलण्याच्या तारखेच्या अलीकडे की पलीकडे, एवढंच बघायचं. फक्त ते 'बदलणं' खरं हवं. बायकापोरं, घर, गाडीचं रजिस्ट्रेशन सगळं जुन्या राज्यात ठेवून फक्त पत्ता बदललात, तर जुनं राज्य तुम्हाला अजून आपलाच रहिवासी म्हणू शकतं.

क्लोजिंगच्या (सौदा पूर्ण होण्याच्या) आधी : फॉर्म ५९३

रिटर्न भरायला अजून आठ-नऊ महिने असतात तेव्हाच पहिला निर्णय करावा लागतो. कॅलिफोर्नियात घर विकलं जाताना एस्क्रोवाले (सौद्याचे पैसे आणि कागद सांभाळणारे मध्यस्थ) फॉर्म ५९३ पुढे करतात. सरसकट नियम असा की विक्रीच्या किमतीच्या ३.३३ टक्के रक्कम कापून परस्पर फ्रँचाइज टॅक्स बोर्डाला, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या करखात्याला जाते. नफ्याच्या नव्हे, किमतीच्या. दुसरा पर्याय, अंदाजित नफ्याच्या १२.३ टक्के.

मित्राचा कॉन्डो साडेसहा लाख डॉलरला गेला. ३.३३ टक्क्यांनी कापणी २१,६४५ डॉलर. त्याचा नफा आहे २,९१,०००, त्यामुळे दुसऱ्या पर्यायाने ३५,७९३ गेले असते. म्हणजे नफा भरपूर असला तर पहिला पर्याय बरा, आणि घर अलीकडेच घेऊन थोड्याशा नफ्यात विकलं तर दुसरा. विक्री एक लाख किंवा त्याहून कमीची असेल, तोट्यात असेल, किंवा घर राहतं घर म्हणून केंद्राच्या (अमेरिकेच्या फेडरल सरकारच्या) सवलतीत बसत असेल तर कापणी टाळता येते. पण ती त्याच फॉर्मवर आणि क्लोजिंगच्या आत. नंतर गयावया करून उपयोग नाही, रिटर्न भरूनच परत मागायची.

फॉर्मवरचं नाव आणि सोशल सिक्युरिटी नंबर डोळ्यांत तेल घालून तपासा. नंबरात एक आकडा चुकला की पैसे सरकारजमा, पण तुमच्या नावावर नाहीत. ५९३ ची प्रत तेव्हाच स्कॅन करून ठेवा, कारण वर्षभराने एस्क्रोमधली ती बाई तिथे नोकरीला असतेच असं नाही.

इतर राज्यांची आपापली तऱ्हा आहे. जॉर्जिया ३ टक्के कापतं. न्यूयॉर्कमध्ये बाहेरच्या विक्रेत्याला क्लोजिंगलाच आयटी-२६६३ भरून अंदाजित कर द्यावा लागतो. आणि न्यू जर्सीत घर विकून बाहेर निघालेल्यांच्या तोंडी जो 'एक्झिट टॅक्स' असतो, तो मुळात वेगळा करच नाही, असलाच आगाऊ भरणा आहे. नफ्याच्या १०.७५ टक्के किंवा किमतीच्या २ टक्के, यातलं जे जास्त ते घेतात आणि पुढे रिटर्नमध्ये हिशेब होतो. त्या नावाने किती जणांची झोप उडाली असेल कोण जाणे.

केंद्राचा कर मात्र या सगळ्यात कुणी कापलेला नसतो. लाखांचा नफा असेल तर त्या तिमाहीतच अंदाजित कर भरा. अमेरिका सोडून पुण्याला परतलेल्या आणि करापुरते परदेशी ठरलेल्या विक्रेत्याचं उलट होतं. त्याचे केंद्राच्या फिर्प्टा नियमाखाली सर्वसाधारणपणे किमतीच्या १५ टक्के कापले जातात, राज्याचे वेगळे, आणि कॅलिफोर्नियाचं नॉनरेसिडेंट रिटर्न त्यालाही चुकत नाही.

केंद्राचं रिटर्न आधी पूर्ण करा

राज्याचं रिटर्न केंद्राच्या आकड्यांवर उभं असतं, म्हणून क्रम मोडू नका: केंद्र, मग बाहेरचं राज्य, शेवटी आपलं राज्य. सॉफ्टवेअर तुम्हाला उलट्या क्रमाने जाऊ देतं. जाऊ नका.

मित्राचा हिशेब असा. कॉन्डो २०१४ मध्ये चार लाखांना घेतला, त्यात इमारतीचा भाग तीन लाख आणि जमिनीचा एक. २०१७ च्या सुरुवातीला एडिसनला आला, तेव्हापासून तिथे भाडेकरू. भाड्याच्या घराचा घसारा (झिजेपोटी दरवर्षी वजा होणारी रक्कम) साडेसत्तावीस वर्षांवर पसरतात, म्हणजे वर्षाला सुमारे १०,९०९. सात वर्षं आणि वर चार महिने धरून ८०,०००. तेव्हा घराची हिशेबी किंमत उरली ३,२०,०००. विक्री ६,५०,०००, दलाली आणि इतर खर्च ३९,०००. नफा २,९१,०००.

घसारा तुम्ही दरवर्षी घेतला नसेल तरी विकताना घेतला असंच धरतात. "मी क्लेमच केला नव्हता" हे उत्तर चालत नाही. राहत्या घराची दोघांना मिळून पाच लाखांची सवलत त्याला मिळाली नाही, कारण विकण्याआधीच्या पाच वर्षांत दोन वर्षं तिथे राहिलेलं असावं लागतं. आणि २०१५ मध्ये स्वयंपाकघर नवं केलं होतं, १८,००० डॉलरचं काम. पावती नाही, कंत्राटदाराचा पत्ता नाही, रोख दिलेले. ते आम्ही सोडून दिलं. त्या एका कागदाने सगळे कर मिळून काही हजार डॉलर वाचले असते.

भाड्याच्या घराची विक्री आधी फॉर्म ४७९७ वर जाते आणि तिथून शेड्यूल डीवर, म्हणजे भांडवली नफ्याच्या तक्त्यावर येते. विक्रीची माहिती देणाऱ्या १०९९-एस फॉर्मवर फक्त पूर्ण किंमत असते, नफा नसतो. तो आकडा पाहून घाबरू नका. मागच्या वर्षांचा अडकून पडलेला पॅसिव्ह लॉस (भाड्याच्या घराचा तेव्हा वजा न करता आलेला तोटा) असेल तर तो घर विकल्याच्या वर्षी मोकळा होतो. मित्राकडे तसा काही नव्हता. तुमच्याकडे असेल तर कॅलिफोर्नियाचा आकडा फॉर्म ३८०१ वर वेगळा काढावा लागतो, आणि न्यू जर्सी तर केंद्राचा तो नियमच मानत नाही.

५४०एनआर आणि त्याचे पाच रकाने

कॅलिफोर्नियाच्या नॉनरेसिडेंट रिटर्नचं नाव फॉर्म ५४०एनआर. त्याचा जीव मात्र सोबतच्या शेड्यूल सीएमध्ये आहे. तिथे प्रत्येक ओळीपुढे ए ते ई असे पाच रकाने. ए मध्ये केंद्राच्या रिटर्नवरचा आकडा. बी आणि सी मध्ये कॅलिफोर्नियाचा कायदा केंद्रापेक्षा वेगळा असेल तर वजाबाकी-बेरीज. डी मध्ये कॅलिफोर्नियाच्या कायद्याने येणारं तुमचं सगळं उत्पन्न. ई मध्ये त्यातलं फक्त कॅलिफोर्नियाचं.

मित्राचा पगार दोन लाख, सगळा न्यू जर्सीतला. व्याज ४,०००. शेअरचा नफा ६०,०००. कॉन्डोचा २,९१,०००. भाड्याचा त्या वर्षीचा हिशेब शून्यावर आला असं धरू. तर भांडवली नफ्याच्या ओळीवर असं दिसेल: ए मध्ये ३,५१,०००. बी, सी रिकामे. डी मध्ये ३,५१,०००. ई मध्ये २,९१,०००. पगाराच्या ओळीवर ए आणि डी मध्ये २,००,०००, ई मध्ये शून्य. व्याजाचं तसंच. खालची बेरीज डी ची ५,५५,०००, ई ची २,९१,०००.

एवढंच आहे. पण माझी स्वतःची चूक झाली ती नेमकी या ओळीवर. सॉफ्टवेअरने केंद्राचा पूर्ण आकडा ई मध्ये आपणहून भरून ठेवला होता, बाजूला छोट्या अक्षरांत 'या राज्याची रक्कम तपासा'. मी तपासली नाही. न्यू जर्सीत राहून विकलेल्या शेअरवर कॅलिफोर्नियाला कर भरून मोकळा झालो, आणि वर न्यू जर्सीलाही भरलाच. दोन वर्षांनी जुनी फाइल चाळताना लक्षात आलं. शेड्यूल एक्स जोडून रिटर्न दुरुस्त केलं आणि पैसे परत आले. मूळ मुदतीपासून साधारण चार वर्षांपर्यंत असं परत मागता येतं, तेव्हा तुमच्याही जुन्या रिटर्नचा ई रकाना एकदा उघडून बघाच.

तोट्याचंही हेच तत्त्व, फक्त उलट्या बाजूने टोचणारं. शेअरमध्ये ६०,००० चा तोटा झाला असता तर डी मध्ये तो वजा झाला असता, ई मध्ये नाही. न्यू जर्सीतला शेअरचा तोटा फ्रीमाँटच्या घराच्या नफ्यातून वजा होत नाही.

बी आणि सी कधी भरावे लागतात? घरात फ्रीज, वॉशिंग मशीन घालून त्यावर केंद्राचा बोनस घसारा (सुरुवातीलाच एकदम घेता येणारा जादा घसारा) घेतला असेल तर, कारण कॅलिफोर्निया तो मानत नाही. मग तिथला घसारा कमी, हिशेबी किंमत जास्त आणि नफा थोडा कमी निघतो.

कर प्रत्यक्षात किती

आधी सगळ्या उत्पन्नावर कर काढायचा, जणू तुम्ही कॅलिफोर्नियातच राहता. ५,५५,००० मधून स्टँडर्ड डिडक्शन ११,०८० गेलं, उरले ५,४३,९२०. त्यावर २०२४ च्या दराने कर ४३,६६९. भागाकार केला की सरासरी दर ०.०८०३. आता कॅलिफोर्नियाचं करपात्र उत्पन्न: २,९१,००० हे ५,५५,००० च्या ५२.४३ टक्के, म्हणून डिडक्शनही तेवढंच, ५,८०९. उरले २,८५,१९१. गुणिले ०.०८०३, कर सुमारे २२,९०१. एक्झेम्प्शन क्रेडिट (माणशी मिळणारी करातली सूट) किरकोळ आहे, धरत नाही. कॅलिफोर्नियात दीर्घ मुदतीच्या नफ्याला वेगळा स्वस्त दर नाही, पगारालाच लागतो तो दर.

आता मित्राचा मूळ प्रश्न. शेअरचा ६०,००० चा नफा झालाच नसता तर? तीच गणितं पुन्हा केली: दर ०.०७८७, कर २२,३८९. म्हणजे तो नफा दाखवल्याने फरक पडला सुमारे ५०० डॉलरचा. माझ्यासारखा ई रकान्यात टाकला असता तर त्यावर आठ टक्क्यांनी पावणेपाच हजारांच्या घरात गेले असते. आणि ए, डी मधून लपवला असता, तर केंद्राच्या रिटर्नशी आकडा जुळला नसता आणि पाचशे डॉलरसाठी पत्रव्यवहार मागे लागला असता.

कापलेले २१,६४५ वजा केले, भरायचे राहिले १,२५६. मुदत १५ एप्रिल. रिटर्न भरायला कॅलिफोर्निया न मागताही १५ ऑक्टोबरपर्यंत देतं, पण पैसे एप्रिलमध्येच हवे असतात.

मग न्यू जर्सी

रहिवासी राज्य सगळ्या उत्पन्नावर कर लावतं, त्यात फ्रीमाँटचा नफाही आला. दुहेरी कर टाळायला क्रेडिट आहे, शेड्यूल एनजे-सीओजेवर. मित्राचा न्यू जर्सीचा कर सुमारे ३२,५६२. दोन्ही राज्यांनी कर लावलेलं उत्पन्न २,९१,०००, एकूण ५,५५,०००. त्या प्रमाणात क्रेडिटची कमाल मर्यादा १७,०७३. कॅलिफोर्नियाला भरले २२,९०१. यातलं जे कमी ते मिळतं, म्हणजे १७,०७३. वरचे ५,८०० च्या आसपास डॉलर गेलेच. क्रेडिट आहे म्हणजे सगळं परत येतं, ही समजूत घरी ठेवून या.

इथे दोन चुका वारंवार दिसतात. एक, क्रेडिटच्या फॉर्मवर ५९३ ची कापणी लिहिणं. तिथे २१,६४५ नाही, ५४०एनआर वर निघालेला कर लिहायचा. दुसरी, वर ई मध्ये चुकून शेअर टाकलेत तर इथेही ते 'दोन्हीकडे कर लागलेलं उत्पन्न' म्हणून शिरतात. तुमच्या चुकीचं बिल न्यू जर्सी फेडत नाही. ५४०एनआर ची पूर्ण प्रत जपून ठेवा, विचारणा झाली की तीच मागतात.

टेक्सास, फ्लोरिडात राहत असाल तर हे सगळं प्रकरण नाहीच, कारण तिथे इन्कम टॅक्स नाही. क्रेडिटही नाही, कॅलिफोर्नियाला भरलं ते भरलं. वॉशिंग्टन राज्याने २०२२ पासून मोठ्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर कर आणला, पण स्थावर मालमत्ता त्यातून वगळली आहे. ॲरिझोना, ऑरेगन किंवा व्हर्जिनियाचे रहिवासी असाल तर क्रम फिरतो: क्रेडिट आपल्या राज्यात न घेता कॅलिफोर्नियाच्या नॉनरेसिडेंट रिटर्नवर शेड्यूल एसने घ्यायचं. त्यासाठी आपल्या राज्याचं रिटर्न आधी तयार लागतं, म्हणून वर सांगितलेला क्रम त्यांच्यापुरता उलटा.

घर विकून कलम १०३१ खाली (भाड्याच्या मालमत्तेच्या बदल्यात दुसरी घेऊन कर पुढे ढकलायची सोय) दुसऱ्या राज्यात घर घेणाऱ्यांनो, कॅलिफोर्निया तो नफा विसरत नाही. तो पुढे ढकललेला नफा जिवंत आहे तोवर दरवर्षी फॉर्म ३८४० भरायचा.

हे सगळं झाल्यावर मित्राने हळूच विचारलं, "आणि कोथरूडचा फ्लॅट विकायचाय, त्याचं काय?" त्याचा नफाही अमेरिकेत दाखवायचा. भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट केंद्राच्या रिटर्नवर फॉर्म १११६ ने मिळतं, न्यू जर्सी मात्र परदेशातल्या कराचं क्रेडिट देत नाही, कॅलिफोर्नियाही देत नाही. कोथरूडचा नफा कॅलिफोर्नियाच्या ई मध्ये कधीच आला नसता. पण तो फ्लॅट २०२४ मध्येच विकला असता तर डी मध्ये बसून त्याने फ्रीमाँटवरचा दर आणखी वर नेला असता. आता कॉन्डो गेला, कॅलिफोर्नियात त्याचं काही उरलं नाही, म्हणजे पुढच्या वर्षी ५४०एनआर भरायचंच कारण नाही. मी म्हटलं, दिवाळीला जाशील तेव्हा खुशाल विक.